श्रावणात मान का निवळते

(ऐरोलीतल्या एका सोसायटीच्या सभागृहात आषाढाच्या शेवटच्या रविवारी दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. या आठवड्यात श्रावण लागतोय. म्हणजे दोन-तीन दिवस दुकानात पाय ठेवायला जागा नसेल आणि मग महिनाभर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. तीस वर्षं ऐरोलीत न्हाव्याचं दुकान चालवतोय, वडिलांचं त्याआधी ठाण्यात होतं, त्यामुळे हे नेमाचंच झालंय. पण श्रावण संपला की दरवर्षी एक गोष्ट डोळ्यांत भरते. आषाढात ज्याच्या मानेवर लाल पुटकुळ्या असतात, नुसता टॉवेल लागला तरी जो अंग चोरतो, तोच माणूस महिनाभराने दाढीचं जंगल घेऊन येतो आणि आत मान निवळलेली असते. मलम नाही, गोळी नाही. फक्त महिनाभर ब्लेड लागलेलं नसतं.

आपल्याकडे केसतूड हा जुना शब्द आहे, कुणी केसतोड म्हणतं. केस तुटला की तिथे फोड येतो, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. आज मी बोलणार आहे तो त्याचाच भाऊबंद: आत वळलेला केस. केसतुडात मुळाशी जंतू शिरून पू होतो. इथे जंतू नंतर येतात, आधी केसच काट्यासारखा कातडीत शिरतो. शरीराला आपला केस आणि बाभळीचा काटा यांत फरक कळत नाही. आत काहीतरी घुसलंय एवढंच कळतं, आणि मग लाली, सूज, खाज.

घुसतो कसा? दोन वाटा आहेत. कुरळा केस बाहेर येतो, वळतो आणि शेजारीच पुन्हा कातडीत टोक खुपसतो. दुसरी वाट आम्ही न्हावी आणि तुम्ही गिऱ्हाईक मिळून तयार करतो. कातडी ताणून उलटा हात मारला, किंवा दोन-तीन पात्यांचं रेझर दाबून फिरवलं, की पहिलं पातं केस ओढतं आणि पुढचं कापतं. उरलेला केस कातडीच्या खाली जाऊन बसतो. गाल काचेसारखा लागतो, हात फिरवून बरं वाटतं. पण तो केस वाढायला लागतो तेव्हा त्याला टोकदार, तिरकं अणकुचीदार तोंड असतं आणि बाहेर पडायच्या आधीच तो आतल्या आत भिंत फोडतो.

कापलेला केस किती टोकदार असतो, हे मी वडिलांच्या हातावर पाहिलंय. त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांच्या बेचक्यात एक बारीक भोक होतं. अधूनमधून ते दुखायचं, ओलं व्हायचं. गिऱ्हाइकांचे बारीक केस तिथे रुतून बसले होते. डॉक्टरांनी चिरून काढले तेव्हा आतून केसांचा झुपकाच निघाला. आमच्या धंद्यात हा आजार जगभर माहीत आहे. दुसऱ्याचा केस जर धडधाकट माणसाच्या हातात शिरतो, तर मानेच्या मऊ कातडीत आपलाच केस शिरायला कितीसा वेळ?

आता उपाय. पहिला उपाय गरम पाणी, आणि यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळे हा ऐकतात आणि कुणीच नीट करत नाही. स्वच्छ सुती नॅपकिन घ्या. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला सोसेल इतकंच गरम. नॅपकिन पिळा, पुटकुळीवर ठेवा, दाबू नका. दोन मिनिटांत तो कोमट होतो, पुन्हा बुडवा. असं दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. वरची कातडी मऊ होते, सूज उतरते. मग मऊ ओल्या कापडाने हलक्या हाताने गोल-गोल फिरवा, पंधरा-वीस सेकंद पुरे. तीन-चार दिवस हे केलंत की बऱ्याचदा कातडीखाली काळा धागा वळलेला दिसायला लागतो. कधी त्याचं वेटोळं आपण होऊन वर येतं.

वर आलेलं वेटोळं स्पिरिटने पुसलेल्या सुईने अलगद उचलून टोक मोकळं करता येतं. फक्त टोक. उपटायचं नाही. मुळासकट उपटलात की तिथूनच नवा केस निघतो, तो पुन्हा टोकदार आणि पुन्हा आत जायला तयार. आणि वेटोळं दिसत नसेल तर सुई हातात घ्यायचीच नाही. मी बावीस वर्षांचा असताना एका गिऱ्हाइकाच्या हनुवटीखाली न दिसणारा केस शोधत खोदलं. त्यांनी आग्रह केला होता, पण हात माझा होता. तो डाग अजून आहे. आजही ते माझ्याकडे येतात आणि मी दर वेळी त्या डागावरून हात फिरवतो. आपल्या सावळ्या कातडीवर खाजवलेला, पिळलेला डाग महिनोन्‌महिने काळा राहतो. पुटकुळी आठ दिवसांत जाते, डाग मागे उरतो.

घरातल्या बाकीच्या वस्तूंचं पटकन सांगतो. कोरफड चांगली, पण पान कापल्यावर थोडा वेळ उभं ठेवून पिवळा चीक गळू द्या, धुवा, मग गर घ्या. चिकाने खाज सुटते. आधी कोपराच्या आत लावून एक दिवस पाहा. खोबरेल हातापायांवर ठीक, पण ज्यांना चेहऱ्यावर मुरुमं येतात त्यांनी चेहऱ्याला लावू नये, त्याने छिद्रं बुजतात. हळद साईतून लावलीत तर सूज जरा कमी वाटते, पण आत वळलेला केस हळदीने बाहेर येत नाही. जाड साखरेने चेहरा घासू नका, दाण्यांना कडा असतात. लिंबू नको. लिंबू लावून उन्हात गेलात तर काळे चट्टे पडतात. खायचा सोडा नको, टूथपेस्टही नको. तुरटी कापलं तर रक्त थांबवते, तेवढंच तिचं काम. आणि दुकानात तुरटीचा एकच खडा सगळ्यांच्या गालांवरून फिरत असेल तर नको म्हणा, मी माझ्या दुकानातून तो केव्हाच काढून टाकलाय.

मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारं मिश्र मलम आणू नका. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. चार दिवस लाली जाते, महिन्याने कातडी पातळ पडते, आणि पुटकुळ्या दुप्पट होऊन परततात. असे चेहरे मी खुर्चीत पाहिलेत.

टाळायचं कसं? दाढी आंघोळीनंतर करा. केस दोन-तीन मिनिटं पाण्यात भिजला की मऊ पडतो आणि टोक इतकं धारदार राहत नाही. मानेवर हात फिरवून बघा, केस सगळीकडे खाली वळलेले नसतात, कानाखाली आडवे जातात, गळ्याच्या घाटीपाशी कधी भोवरा असतो. केस जिकडे झुकलाय तिकडेच पातं न्या. कातडी ताणू नका. एकाच जागी दोन हात नकोत. बोटाला किंचित खुंट लागला तर लागू द्या, एक मिलिमीटर खुंट राहिला की केस सहसा आत जात नाही.

बायकांचं माझी पत्नी शेजारच्या पार्लरमध्ये रोज बघते, तिने सांगितलेलंच सांगतो. फार आखूड केसांवर वॅक्स केलं की केस निघत नाही, कातडीखाली तुटतो. अर्धा सेंटिमीटर तरी वाढू द्या. वॅक्सनंतर दिवसभर सैल सुती सलवार घाला. घट्ट लेगिंग्ज घालून ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत उभं राहिलं की घाम आणि घर्षण दोन्ही मिळतं आणि मांड्यांवर पुरळ उठतं. पाय घासायचे ते दोन दिवसांनी, बेसनाने किंवा मऊ कापडाने.

काही वेळा घरी थांबायचंच नाही. लाली पसरत चालली, ताप आला, पू भरून ठणका लागला, किंवा तुम्हाला मधुमेह आहे, तर थेट डॉक्टर. मानेच्या मागे, जिथे एपीएमसीच्या घाऊक बाजारात पाठीवर गोणी घेणाऱ्या आपल्या माथाडी भावांना रोज घासा बसतो, तिथे टणक गाठी होत असतील तर तिथे वस्तरा लावून घेऊ नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. माकडहाडावरचा फोडही केसानेच होतो. दिवसभर बसून काम करणाऱ्यांत, रिक्षा-टेम्पो चालवणाऱ्यांत तो दिसतो. दुसऱ्या महायुद्धात जीपमध्ये बसणाऱ्या अमेरिकी सैनिकांत तो इतका झाला की त्याला ‘जीप डिसीज’ नाव पडलं. तो घरगुती उपायांनी बरा होत नाही, सर्जनच लागतो.

मागच्या रांगेतले हे भाऊ विचारतायत, सिक्युरिटीत आहे, रोज चकचकीत दाढी लागते, श्रावण कुठून पाळू? तुमची अडचण खरी आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, आणि तेवढा वाढला की रुतलेलं टोक केसाच्याच ताणाने बाहेर खेचलं जातं. म्हणून महिना लागतो. पहिल्या आठवड्यात जास्तच टोचतं, तिथेच लोक धीर सोडतात. जमलं तर त्वचेच्या डॉक्टरांची चिठ्ठी साहेबांना दाखवा. तेही नाही जमलं तर रेझर ठेवून द्या आणि ट्रिमर घ्या, कातडीला न दाबता फिरवा. लांबून चेहरा साफच दिसतो. ट्रिमर घेऊन मंगळवारी दुपारी दुकानात या, तेव्हा मला वेळ असतो. तुमच्या मानेवर केस कुठून कुठे जातो ते आरशात दाखवतो, मग पुढचं तुम्हाला घरी जमेल.