उतारावरची सायकल : मऊ नको, वेळेवर परतणारी हवी

नवी सायकल बघायला गेलो की आपण सगळे एक गोष्ट हमखास करतो. हँडलवर भार देऊन फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचं सस्पेन्शन, दाबतो, सीटवर बसून मागचा शॉक, म्हणजे मागच्या चाकाचं सस्पेन्शन, दाबतो आणि ‘काय मऊ आहे!’ म्हणून मान डोलावतो. डाउनहिलच्या, म्हणजे डोंगरउतारावरून सुसाट खाली यायच्या, सायकलीची परीक्षा अशी होत नाही. 200 मिलिमीटर ट्रॅव्हल, म्हणजे दबायला एकूण तेवढी जागा, असलेली सायकल दुकानाच्या फरशीवर मऊ लागणारच. ती किती दाबली जाते, यापेक्षा दाबल्यावर पुढचा दगड येण्याआधी परत येते का, हे महत्त्वाचं. आज मी मुख्यतः त्याबद्दलच बोलणार आहे.

उदाहरण म्हणून स्कॉटलंडमधला फोर्ट विल्यमचा ट्रॅक डोळ्यांसमोर ठेवू. 2002 पासून बरीच वर्षं तिथे डाउनहिल वर्ल्ड कपच्या शर्यती झाल्या. वर उघड्या डोंगरावर नुसता खडक, खाली ओलसर झाडी आणि शेवटी मोठमोठ्या उड्यांचा सुसाट टप्पा. अव्वल रायडरला साधारण साडेचार मिनिटं लागतात, पण तेवढ्यात हाताची बोटं ब्रेक ओढेनाशी होतात, कारण धक्के थांबतच नाहीत. इथे सायकल मऊ असून भागत नाही.

सुरुवात टायरपासून करा. शॉकला हात लावायच्या आधी हवा नक्की करा, कारण टायर हेच पहिलं सस्पेन्शन. जाड, दुहेरी थराचे डाउनहिल टायर ट्यूबलेस बसवलेत आणि तुमचं वजन 70-75 किलो आहे असं धरू. मग पुढे 23-25 आणि मागे 26-28 पीएसआय इथून सुरुवात करा. मागे जास्त, कारण खडकावर मागची रिम आधी आपटते. गेज मात्र कायम एकच वापरा. दोन गेज एकमेकांशी सहमत होतील ही आशा सोडा.

मग सॅग, म्हणजे तुमच्या नुसत्या वजनाने सस्पेन्शन किती बसतं ते. पुढे 15 ते 20 टक्के, म्हणजे 200 मिलिमीटरच्या फोर्कवर 30 ते 40 मिलिमीटर. मागे 30 टक्क्यांच्या आसपास. ते मोजायचं शॉकच्या दांड्यावर. 75 मिलिमीटर स्ट्रोकचा, म्हणजे दांडा तेवढा आत जाणारा, शॉक असेल, तर बावीस-तेवीस मिलिमीटर. मोजताना हेल्मेट, पॅड, बूट सगळं अंगावर हवं, आणि सीटवर बसून नाही, पेडलवर उभं राहून. सायकल दुसऱ्याने धरायची. हवेऐवजी कॉइल, म्हणजे धातूची, स्प्रिंग असेल आणि सॅग जास्त येत असेल, तर प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी, रिंग पिळत बसू नका. दोन फेऱ्यांपेक्षा जास्त पिळावी लागली, तर स्प्रिंगच बदलायची वेळ आली आहे.

आता रिबाउंड. स्प्रिंग दाबली गेली की तिच्यात ऊर्जा साठते. ती तशीच सोडली तर सायकल तुम्हाला फेकून देईल. म्हणून आतलं तेल बारीक वाटेने सोडून परतीचा वेग आवरायचा. हा वेग ठरवणाऱ्या नॉबवर बरेचदा ससा आणि कासव काढलेले असतात, आणि नवखा रायडर हटकून कासवाकडे जातो. सायकल शांत वाटते, उसळत नाही, भीती कमी होते. पार्किंगमध्ये सगळं छान.

मग तो खडकांच्या रांगेत शिरतो. पहिल्या दगडावर चाक वर गेलं, अजून पुरतं खाली आलेलं नाही, तोच दुसरा दगड. मग तिसरा. जोर मारताना दमलेला पैलवान पुरता वर न येताच पुन्हा खाली जातो, तसं प्रत्येक धक्क्यागणिक सस्पेन्शन थोडं थोडं खोल बसत जातं. चार-पाच दगडांनंतर ट्रॅव्हल जवळपास संपलेलं असतं आणि हाताला सायकल दगडासारखी कडक लागते.

गंमत पुढेच आहे. रायडर खाली येऊन म्हणतो, ‘फार कडक आहे, फोर्क-शॉकमधली हवा कमी करा.’ हवा कमी केली की सायकल आणखी खोल बसते, आणखी कडक लागते. या फेऱ्यात माणसं अख्खा हंगाम घालवतात. खरं तर नॉब सशाकडे दोन क्लिक फिरवायचा असतो. उलट टोकाची खूण वेगळी. उडीच्या कडेवरून सुटताना मागचं चाक वर लाथाडतं आणि नाक खाली जातं. तसं झालं तर एक-दोन क्लिक कासवाकडे या. वजनदार रायडरला स्प्रिंग कडक लागते, कडक स्प्रिंग जोरात परत ढकलते, म्हणून त्याचा रिबाउंड जास्त आवरलेला असतो. यामुळेच मित्राची सेटिंग उतरवून घेणं निरर्थक. क्लिक मोजताना नॉब घड्याळाच्या दिशेने पूर्ण बंद करा आणि तिथून मागे मोजा.

कम्प्रेशन, म्हणजे दबण्याच्या वेगाला घातलेला आवर, त्याबद्दल थोडक्यात सांगतो. ब्रेक मारल्यावर नाक बुडत असेल, तर हळू हालचालीचं कम्प्रेशन वाढवा. मोठ्या उडीवरून उतरताना दरवेळी शेवटपर्यंत ठोकर बसत असेल, तर एअर स्प्रिंगमध्ये एक स्पेसर, म्हणजे हवेची जागा कमी करणारा तुकडा, घाला. एका दिवसात एकदा-दोनदा पूर्ण ट्रॅव्हल वापरलं जाणं चांगलंच, त्यासाठीच पैसे मोजलेत.

चाकांच्या मापावरून भांडणं होतात. 2017 मध्ये डाउनहिल रायडर ग्रेग मिनार फोर्ट विल्यमला 29 इंची चाकांवर जिंकला आणि वाद बराचसा मिटला. मोठं चाक खड्ड्यांत कमी अडकतं. पण तीव्र उतारावर मागे सरकलं की ते बुडाला घासतं. 2019 पासून नियमाने पुढे-मागे वेगळ्या मापाची चाकं चालू लागली, आणि पुढे 29, मागे साडेसत्तावीस ही जोडी रुळली. बुटक्या रायडरने विचार न करता हीच घ्यावी असं माझं मत आहे.

चेनचाही मागच्या सस्पेन्शनवर ताण येतो. चाक वर-मागे सरकलं की ती खेचली जाते. 2015 मध्ये ऑस्ट्रियातल्या लेओगांगला वर्ल्ड कपच्या शर्यतीत रायडर एरन ग्विनची चेन सुरुवातीलाच तुटली, आणि तो बिनचेनचा जिंकला. तेव्हापासून चेन काढून बघणारे कमी नाहीत. तुम्हीही बघा, पण ग्विनची मांडी-पोटरी दुकानात मिळत नाही हे ध्यानात असू द्या.

ब्रेकला 200 ते 220 मिलिमीटरच्या डिस्क लावा. लिव्हर आत सरकवा, म्हणजे एकच बोट तिच्या टोकाशी पडेल. नवे पॅड घातले की सपाटीवर वेग घेऊन, चाक लॉक न करता, वीसेक वेळा हळू व्हा.

आपल्यातले बरेचजण पुण्याहून मनालीला सायकल घेऊन जातात, त्यांच्यासाठी हे सांगतो. पुणे साधारण 560 मीटरवर, मनाली 2000 मीटरच्या थोडी वर. बाहेरच्या हवेचा दाब घटतो, म्हणून त्याच टायरचा गेजवरचा आकडा दोनेक पीएसआयने वाढतो. थंडी तो पुन्हा खाली आणते. दोन्हींचा हिशेब मनात करू नका, सकाळी ट्रॅकवरच गेज लावा. फोर्कच्या खालच्या नळ्यांत अडकलेली हवाही फुगते आणि फोर्क अडखळतो. ब्लीडचं बटण असेल तर दाबून ती सोडा.

ट्रॅकवर गेल्यावर मिनिटभराचा एकच तुकडा निवडा, एका वेळी एकच नॉब फिरवा, आणि प्रत्येक बदल वहीत लिहा. फोनमध्ये नको, चिखलाच्या हातांनी फोन चालत नाही.

बाहेर एक सायकल स्टँडवर लावली आहे, शॉक पंप आणि टेपही आहे. ज्यांना स्वतःचा सॅग मोजायचा आहे त्यांनी हेल्मेट-पॅड घालून या. दोघादोघांनी या, कारण धरायला माणूस लागतो.