हेकच्या पोटातला हेक

श्रोतेहो, नमस्कार. बोंबील, पापलेट आणि सुरमई यांची ओळख मुंबईकराला करून द्यावी लागत नाही. आज मात्र मी आपल्या अरबी समुद्रात न सापडणाऱ्या हेक या माशाविषयी बोलणार आहे.

माझे मामा मालवाहू जहाजावर भंडारी होते. जहाज केपटाऊनला थांबले असता त्यांनी हातभर लांबीचा, रुपेरी अंगाचा एक अख्खा हेक विकत घेतला आणि कालवणासाठी त्याचे पोट चिरले, तेव्हा आतून वीतभर लांबीचा दुसरा मासा निघाला. तोच लांबट जबडा, तेच अणकुचीदार दात! वजन वाढावे म्हणून विकणाऱ्यानेच तो कोंबला असणार, अशी मामांची खात्री झाली. सुट्टीवर आल्यावर त्यांनी ही तक्रार वर्सोव्याच्या बाजारात आमच्या नेहमीच्या मावशींना ऐकवली. मावशी बोंबील साफ करत होत्या. मान वर न करता त्यांनी एका जाड बोंबलाचे पोट फाडले, आतला बोटभर बोंबील काढून फळीवर ठेवला आणि विचारले, "मंग यो कोनी कोंबला, दादा?"

बोंबलाप्रमाणेच हेकही आपल्या भाऊबंदांना खातो. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत त्याच्या दोन जाती आहेत: मर्लुशियस कापेन्सिस तुलनेने उथळ पाण्यात, तर मर्लुशियस पॅराडॉक्सस अधिक खोल पाण्यात राहतो. वय वाढते तसतसे दोन्ही जातींचे मासे खोल उतरत जातात. त्यामुळे उथळ जातीतले थोराड मासे नेमके खोल जातीच्या पिलांच्या वस्तीत पोहोचतात आणि त्यांवर ताव मारतात. लक्षात घ्या, लहानगे वर आणि थोरले खाली, ही झाली आयुष्याची चाल. रोजची चाल निराळी आहे: दिवसा हेक तळाशी असतो आणि रात्री भक्ष्यामागे वर येतो. दिवसा तळाशी, रात्री वर. म्हणूनच तळ खरवडणारे ट्रॉलर त्याच्यासाठी दिवसा जाळे ओढतात.

त्याचे मांस नाजूक असल्याने पकडल्याबरोबर बर्फात ठेवावे लागते. परदेशात तो बहुधा बिनकाट्याच्या पांढऱ्या तुकड्यांच्या रूपातच ताटात येतो. ज्या माशाचे डोके पाहिले नाही, तो मासा आपण खाल्ला असे मी तरी मानत नाही.

मामांच्या हेकच्या पोटातला मासा कोणत्या जातीचा होता, हे मात्र आता कळण्याजोगे नाही, कारण दोन्ही मासे त्याच दुपारी एका कालवणात गेले होते.