फोटोखालची नावं

नमस्कार श्रोतेहो. आनंदीबाई जोशींचा एक फोटो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तीन विद्यार्थिनी, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. डावीकडे साडी नेसलेल्या आनंदीबाई, मध्ये जपानच्या केई ओकामी, उजवीकडे सीरियाच्या सबात इस्लामबुली. तारीख १० ऑक्टोबर १८८५. फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात डीनबाईंनी दिलेल्या स्वागत समारंभातला हा फोटो.

१८५० साली निघालेलं ते कॉलेज आज त्या नावानं उरलेलं नाही. नाव बदलत, विलीन होत ते ड्रेक्सेल विद्यापीठात जाऊन पोचलं. त्याचे जुने कागद मात्र तिथल्या अभिलेखागारात शाबूत आहेत. आणि या तिघी आपल्याला ओळखू येतात, कारण फोटोखाली कुणीतरी त्यांची नावं लिहून ठेवली. नाहीतर उरल्या असत्या तीन अनोळखी परदेशी मुली!

कॉलेजचं दप्तर काय जपतं? प्रवेश, फी, निकाल. आनंदीबाईंना ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली, हे दप्तर सांगेल. पण ही मुलगी एवढ्या लांब का आली, ते कळतं १८८३ साली तिनं प्रवेशासाठी लिहिलेल्या पत्रातून. पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा आमच्या बायका मरण पत्करतील, असं तिनं त्यात स्वच्छ लिहिलंय. माझ्या मते त्या एका पत्रापुढे दहा रजिस्टरं फिकी पडतील.

विद्यार्थ्यांचं रोजचं जगणं असतं ते संमेलनाच्या पत्रिकेत, वादविवाद मंडळाच्या इतिवृत्तात, हस्तलिखितात, वसतिगृहातून घरी धाडलेल्या पत्रात. रद्दीत आधी जातं तेही हेच. अमुक प्रथा कुणी सुरू केली, कधी बंद पडली, हे पुढे कुणी विचारलं की मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

तुमच्याकडे असं काही असेल तर टाचण्या काढा, त्या गंजून कागद खातात. चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद पिवळा पडून डाग धरतो. फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं नावं लिहा, डावीकडून उजवीकडे, साल आणि प्रसंगासह. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. मोबाइलमधल्या फोटोंना तर नुसता क्रमांक असतो. त्यांनाही नावं द्या, आणि एक प्रत कॉलेजच्या ग्रंथपालांकडे पोचती करा.