जहाजावरच्या छोट्या तोफेची गोष्ट

नमस्कार मंडळी! आज मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात उभा आहे, आणि हातात आहे लेथवरून नुकताच उतरलेला पितळी पाइप. आतला व्यास बरोबर 40 मिलिमीटर. माझी दोन बोटं कशीबशी आत जातात, बघा. एवढ्याशा तोंडाच्या तोफेनं दुसऱ्या महायुद्धात शेकडो जहाजं वाचवलीत.

आपल्याला समुद्र लांबचा वाटतो. पण मालवण आणि सिंधुदुर्ग 1812 पर्यंत कोल्हापूरकर छत्रपतींकडेच होते. मराठ्यांच्या गलबतांवर छोट्या, फिरत्या तोफा असायच्या. चपळ होडीला वजनदार तोफ झेपत नाही.

पुढं मोठ्या युद्धनौकांनाही छोट्या तोफांची गरज पडली. 1866 साली व्हाइटहेड या इंग्रज इंजिनिअरचा टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून जाऊन जहाजावर फुटणारा बाँब आला, मग तो घेऊन सुसाट धावणाऱ्या बोटी आल्या. अवाढव्य तोफ वळवून पुन्हा भरेपर्यंत बोट अंगावर! म्हणून 47 मिलिमीटरची हॉचकिस आली. दारू आणि गोळा एकाच पितळी काडतुसात, त्यामुळं भरणं झटपट.

नंतर शत्रू आकाशातून यायला लागला. 20 मिलिमीटरच्या ओर्लिकॉनला वीज लागायचीच नाही. डेकवर जागा दिसेल तिथं बोल्टनं आवळायची. तोफची खांद्याला टेकू लावून, अंगाच्या जोरावर ती फिरवायचा. समोरून विमान येतंय आणि हा माणूस उघड्यावर उभा! मला हे वाचताना दरवेळी काटा येतो.

40 मिलिमीटरची बोफोर्स स्वीडनची. चार-चार काडतुसांची क्लिप माणूस वरून हातानं भरायचा, मिनिटाला सुमारे 120 गोळे. पण ऑक्टोबर 1944 पासून जपानी कामिकाझे विमानं थेट जहाजावर आदळायला लागली. गोळी लागून वैमानिक मेला तरी विमान येतच राहायचं. त्याचे हवेतच तुकडे करायला हवे होते, आणि 40 चा गोळा जेमतेम 900 ग्रॅमचा. म्हणून अमेरिकन नौदल 76 मिलिमीटरकडं वळलं. तो गोळा विमानाजवळ पोचला की आपोआप फुटायचा.

आज आपल्या नौदलाच्या कितीतरी जहाजांवर 76 मिलिमीटरचीच तोफ आहे. डिझाइन इटलीचं, बनते हरिद्वारला. वेग तोच, मिनिटाला 120. पण गोळा 6 किलोचा, आणि तोफेच्या घुमटात माणूस नाही. नौसैनिक डेकखाली गोळे भरून ठेवतात, वर चढवते ती यंत्रणाच.