ओहोटीला पायी: माहीमची एक सकाळ

(दृश्य: रविवार सकाळ. लेडी जमशेटजी रोड. दुकानांची शटर्स अजून खाली. फुलवाली हार ओवत बसली आहे.)

मध्ययुगीन नगर बघायला निघालोय म्हटल्यावर घरातून पहिला प्रश्न आला, "कुठे, दौलताबादला?" म्हटलं, नाही, माहीमला. आई हसली. "माहीमला हलवा मिळतो. नगर कुठलं आलंय तिथे?"

आईचं चुकत नाही. इथे तट नाही, वेस नाही, तिकीटखिडकी नाही. शीतलादेवीच्या देवळासमोर साडेसातला आम्ही पंधरा-सोळा जण जमलो तेव्हा समोर होती बसची रांग, एक दूधवाला आणि मेट्रोच्या स्टेशनाची पाटी. त्या पाटीवरही देवीचंच नाव.

आमचे वाटाडे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना 'सर'च म्हणतात. त्यांनी नकाशा काढला नाही. खिशातून दिनदर्शिकेचं फाडलेलं पान काढलं.

"आज तिथी कुठली?"

"पंचमी," एका आजींनी सांगितलं.

"पाऊणकी येते का कुणाला? पाच पाऊण पावणेचार. म्हणजे दुपारी पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती. त्याच्या सहा तास आधी ओहोटी. पावणेदहाला आपण किल्ल्यापाशी हवेत."

किनाऱ्यावरच्या माणसांचं हे जुनं गणित. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण होडी काढायला तेवढं पुरतं. माहीमच्या इतिहासाचं एक मोठं वळण याच ओहोटीवर ठरलं, असं सर म्हणाले आणि पुढचं सांगायचं टाळून देवळात शिरले.

(दृश्य: देवळाचं आवार. देवीचा तांदळा, शेंदूर, दह्याची वाटी.)

शीतला ही देवी-गोवराची देवी. ताप उतरवणारी, म्हणून तिला थंड नैवेद्य. त्याच आवारात खोकलादेवीही आहे. लस यायच्या आधीच्या शहराला कशाची भीती वाटत होती, ते या आवारात कळतं.

(दृश्य: जुन्या सात बेटांचा नकाशा. उत्तरेचं माहीम बेट उजळतं.)

आता नगराकडे. मुंबई सात बेटांची होती, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं. त्यांतलं उत्तरेचं बेट माहीम. परंपरा सांगते की बिंब राजाने इथे राजधानी वसवली, तिचं नाव महिकावती. राजाबरोबर कुळं आली: पाठारे प्रभू, पाचकळशी, पळशे ब्राह्मण. नारळीच्या बागा लागल्या. ही हकिकत ज्या बखरीत आहे, ती महिकावतीची बखर वि. का. राजवाड्यांनी १९२४ साली छापली.

पण बखरीतलं सगळंच जसंच्या तसं खरं धरू नये. एक बिंब बाराव्या शतकातला, दुसरा देवगिरीच्या यादवांशी जोडलेला, तेराव्याच्या अखेरचा. दोघांच्या गोष्टी एकमेकींत मिसळल्यात. शिवाय महिकावती म्हणजे हे माहीम की पालघरकडचं केळवे-माहीम, हा वाद आहेच. आमच्यातल्या पालघरच्या एका काकूंनी तो लगेच उकरून काढला. सरांनी हात जोडले. "काकू, राजधानी तुमची. मला निदान राजाचा बंगला तरी असू द्या."

मला त्या वादापेक्षा उरलेली नावं जास्त खरी वाटतात. राजाचं न्यायासन होतं ते न्यायगाव, त्याचं झालं नायगाव, असं जुने लोक सांगतात. बिंबाची म्हणून सांगितली जाणारी प्रभावती देवी आज प्रभादेवी म्हणून स्टेशनाच्या पाटीवर आहे. तिचं आजचं देऊळ १७१५ च्या सुमाराचं. मूर्ती मात्र त्याआधी विहिरीत लपवून ठेवली होती, अशी कथा आहे.

(दृश्य: कापड बाजार. गल्ली अरुंद होत जाते. अत्तर, चादरी, तव्यावर काहीतरी.)

कापड बाजारात शिरलो आणि पहिल्यांदा जुन्या गावात आल्यासारखं वाटलं. रस्ता नाकासमोर जात नाही, घरांनी ढकललाय तसा वळत जातो. पंधराव्या शतकात माहीम गुजरातच्या सुलतानांचं ठाणं होतं. दक्षिणेच्या टोकाचं, म्हणून कायम धोक्यातलं. १४३० च्या आसपास बहमनी सरदार मलिक-उत-तुज्जारने ते घेतलं. गुजरातच्या अहमदशाहने मुलाला फौज आणि गलबतं देऊन पाठवलं आणि परत मिळवलं. एवढ्याशा बेटासाठी दोन सुलतान भांडत होते, कारण बेटापेक्षा खाडी महत्त्वाची होती. खाडीचं तोंड ज्याच्या हातात, जकात त्याची.

या धामधुमीत इथे एक माणूस अरबीत कुराणाचं भाष्य लिहून गेला. मखदूम अली माहिमी, जन्म १३७२, मृत्यू १४३१. वडिलोपार्जित नाळ अरबस्तानाशी, पण नावात कायमचं राहिलं माहीम.

(दृश्य: दर्गा. घुमट. दाराशी चपलांचा ढीग.)

दर्ग्याच्या पायरीवर सरांनी भाष्य बाजूला ठेवलं आणि गोष्ट सांगितली. आईने रात्री पाणी मागितलं. मुलगा पेला घेऊन आला तोवर आईला झोप लागलेली. उठवायचं कसं? पोरगा पेला धरून पहाटेपर्यंत उभा राहिला. आजींनी डोळे पुसले. शेजारी बसलेल्या फुलांच्या विक्रेत्याने सुधारणा केली, "सर, थंडी विसरलात. थंडीचे दिवस होते."

डिसेंबरात इथे दहा दिवस जत्रा भरते. संदलचा (चंदनाच्या मिरवणुकीचा) पहिला मान मुंबई पोलिसांचा. गणवेशातले पोलीस डोक्यावर ताट घेऊन, बँडबाजासह येतात. कारण विचारलंत तर प्रत्येक जण वेगळं सांगेल, आणि प्रत्येकाचं कारण ऐकण्यासारखं असेल.

(दृश्य: माहीमचा किनारा. काळा चिखल. दूर वांद्रे-वरळी सी-लिंक.)

दहाला पाच मिनिटं कमी. पंचमीची ओहोटी फार खोल नसते, तरी पाणी लांब गेलेलं होतं. समोर माहीमचा किल्ला. किल्ला म्हणजे लाटांनी पोखरलेली भिंत. वर्षानुवर्षं आत झोपड्या होत्या. काही वर्षांपूर्वी त्या हटवल्यावर तट मोकळा दिसू लागला.

आणि इथे, चिखलाकडे तोंड करून, सरांनी राखून ठेवलेली गोष्ट काढली.

१५३४ च्या तहात गुजरातच्या बहादूरशाहने ही बेटं पोर्तुगीजांना दिली. १६६१ साली पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन इंग्लंडच्या चार्ल्स राजाला दिली, तेव्हा आंदणात मुंबई गेली. पण मुंबई म्हणजे नक्की किती? तहाच्या कागदात आणि इथल्या जमिनीत मेळ नव्हता. पोर्तुगीज म्हणाले, दिलं ते मुंबई बेट. माहीम वेगळं बेट आहे, ते आमचं. १६६५ मध्ये ताबा घ्यायला आलेला इंग्रज अधिकारी हम्फ्री कुक म्हणाला, वेगळं कसं? ओहोटीला मुंबईहून माहीमला पायी जाता येतं.

आणि त्याने माहीम घेतलं.

सर थांबले. आम्ही सगळे त्या चिखलाकडे बघत राहिलो. एका कॉलेजच्या मुलाने विचारलं, "मग भरतीला काय? भरतीला ते पोर्तुगीजांचं?" असा प्रश्न तेव्हा कुणी विचारला असता तर मुंबईचा नकाशा आज वेगळा दिसला असता, असं मला क्षणभर वाटलं. पण तोफा असल्या की असले प्रश्न फार वेळ टिकत नाहीत.

इंग्रजांनी किल्ला बळकट केला. तरी १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान आला आणि माहीम घेऊन बसला. औरंगजेबाची माफी मागून, दीड लाख रुपये दंड भरून ईस्ट इंडिया कंपनीने पुढच्या वर्षी त्याला घालवलं.

(दृश्य: सेंट मायकल चर्च. मेणबत्त्यांची टेबलं.)

सेंट मायकलचं मूळ पोर्तुगीज काळातलं. आजची इमारत मात्र १९७३ ची, जुनं काही शोधायला जाल तर फसाल. दर बुधवारी इथे नोव्हेनाची प्रार्थना असते, १९४८ पासून. त्या दिवशी रांगेत सगळ्या धर्मांची माणसं. मराठ्यांच्या वसई मोहिमेच्या काळात वांद्र्याच्या मोतमावलीची (माउंट मेरीची) मूर्ती खाडी ओलांडून इथे आणली होती. १७६१ पर्यंत ती माहीमकरांकडे पाहुणी होती.

(दृश्य: माहीम कॉजवे. एका बाजूला तिवरं, दुसऱ्या बाजूला होड्या.)

शेवटचा टप्पा कॉजवे. १८४५ पर्यंत इथे पूल नव्हता, होडीतून जावं लागे, आणि पावसाळ्यात ती उलटे. सरकारकडे पैसे नव्हते. जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाईंनी १,५७,००० रुपये दिले. अट एकच, या रस्त्यावर टोल घ्यायचा नाही. हे ऐकल्यावर गाडीवाल्या मंडळींनी सी-लिंककडे एक सूचक नजर टाकली.

बोलत बोलत आम्ही वांद्र्याच्या टोकाला पोचलो होतो. ऊन चढलेलं. हलव्याचं पाकीट आईसाठी घ्यायचं राहिलं, हे आत्ता आठवलं. समोर रिक्षा उभी होती. म्हटलं, "माहीमला येणार का? इथेच, पुलापलीकडे."

रिक्षावाल्याने मान हलवली.

"उधर रिक्षा अलाऊ नहीं, साहब. वो तो बॉम्बे में आता है."