हसनकेफ : दोन किलोमीटरचा प्रवास

[दृश्य : पहाट. नदीवर धुकं. चुनखडीचे कडे, त्यांत गुहांची तोंडं.]

ही टायग्रिस. इथली माणसं तिला दिज्ले म्हणतात. तुर्कस्तानच्या आग्नेय भागात, बातमान प्रांतात, तिच्या काठावर हसनकेफ वसलं होतं. कड्यांत दिसणाऱ्या त्या काळ्या चौकटी म्हणजे घरांची दारं. माणसांनी कोरलेल्या अशा हजारो गुहा इथे होत्या आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत त्यांतल्या कित्येक गुहांमध्ये चूल पेटत होती. जवळच्या टेकाडावर उत्खनन झालं तेव्हा साडेअकरा हजार वर्षांपूर्वीची वस्ती सापडली.

नदीपात्रात उभे आहेत ते दगडी खांब बाराव्या शतकातल्या पुलाचे. वरची कमान कधीच पडली. खांब तेवढे राहिले.

[दृश्य : निळ्या विटांची गोल इमारत. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.]

ही झेनेल बेची कबर. तो अक्कोयुन्लू या तुर्कमान घराण्याचा राजा उझुन हसन याचा मुलगा. १४७३ साली ओत्लुकबेलीच्या रणात, उस्मानी सुलतान दुसरा मेहमद याच्या फौजेशी लढताना तो पडला. विटांवरची ही झिलई बघा. आकाशी आणि गडद निळ्या विटांच्या मांडणीतूनच अक्षरं उमटली आहेत.

[दृश्य : १२ मे २०१७. चाकांच्या रांगांवर सरकणारी कबर.]

आणि ही तीच कबर, चालताना.

अकराशे टन वजन. आधी तिच्या पायाखालची जमीन पोखरून तिथे काँक्रीटचा चौथरा ओतला. इमारत चहूबाजूंनी आवळून घेतली, चौथऱ्यासकट वर उचलली आणि या सपाट गाड्यावर ठेवली. गाड्याला चालकाची केबिन नाही. शेजारून चालणारा माणूस रिमोटवर तो हाकतो. रस्ता मुद्दाम या एका प्रवासासाठी बांधलेला. चाकं वेगवेगळी वरखाली होतात, म्हणून चढावरही कबर ओळंब्यात राहते. साडेपाचशे वर्षं जागची न हललेली इमारत दोन किलोमीटर गेली.

हे काम निष्काळजीपणे झालं असं कुणी म्हणू नये. फार निगुतीनं झालं. पुढे जुना हमामखाना असाच उचलला गेला, आणि ज्याच्या टोकावर करकोचे घरटं बांधायचे तो एल रिझ्क मशिदीचा १४०९ सालचा मिनारही हलला. ही निगुती मात्र मोजक्याच वास्तूंच्या वाट्याला आली. गुहा, बाजारपेठ, अंगणं जागच्या जागी राहिली.

[दृश्य : जुनी कृष्णधवल चित्रफीत. धरणांची बांधकामं, नकाशे.]

या सगळ्याचं कारण नदीच्या खालच्या अंगाला आहे. इलिसू धरण. त्याच्या पाण्यात हसनकेफ बुडणार होतं. धरणाची कल्पना १९५४ पासूनची. पुढे आग्नेय अनातोलिया प्रकल्प आला : युफ्रेटिस आणि टायग्रिसवर २२ धरणं, १९ वीजकेंद्रं. दुष्काळी, गरीब आणि बहुसंख्य कुर्द वस्तीच्या प्रदेशाला पाणी आणि वीज देण्याचं ते वचन होतं. अंकाराला तेलाची आयातही कमी करायची होती. इलिसूची क्षमता १२०० मेगावॉट.

पैसा उभा राहीना. २००१ मध्ये ब्रिटनची बाल्फोर बीटी आणि इटलीची इम्प्रेजिलो या कंपन्या बाहेर पडल्या. २००६ मध्ये पंतप्रधान एर्दोआन यांनी पायाभरणी केली. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांनी कर्जाला हमी दिली होती. पुनर्वसन, पर्यावरण आणि वारसा यांच्या अटी पाळल्या जात नाहीत म्हणून २००९ च्या जुलैत ती काढून घेतली. तेव्हा तुर्कस्तानच्याच बँका पुढे आल्या आणि काम चालू राहिलं. हसनकेफ १९८१ पासून तुर्कस्तानच्याच कायद्याने संरक्षित स्थळ होतं. जागतिक वारसा यादीसाठी सरकारने त्याचं नाव कधीच पाठवलं नाही. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात २००६ पासून पडून असलेला अर्ज २०१९ च्या फेब्रुवारीत अग्राह्य ठरला.

[दृश्य : नोव्हेंबर २०१९. बुलडोझर. बाजारपेठेतली दुकानं. शटर, पत्रे, धूळ.]

[निवेदन नाही. १५ सेकंद, फक्त आवाज.]

[दृश्य : पलीकडच्या उतारावर नवं गाव. एकसारखी घरं.]

बुडीत क्षेत्रात सुमारे २०० गावं-वाड्या गेल्या. खाली इराकमध्ये नदीचं पाणी घटलं. शेजारी देशांशी नद्यांचं पाणी कसं वाटावं याचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९९७ मध्ये मतदानाला आला, तेव्हा विरोधात तीनच देश होते. तुर्कस्तान त्यांतला एक.

[दृश्य : कबरस्तान. खोदकाम. गुंडाळलेले अवशेष हातावर घेतलेली माणसं.]

ज्यांना हवं होतं त्यांनी आपल्या मेलेल्यांनाही वर नेलं.

[दृश्य : पाणी. तोच कोन, वेगवेगळे महिने.]

२०१९ च्या जुलैत धरणाचे दरवाजे बंद झाले. फुगवटा रोज थोडा वर येत होता. आधी काठावरची झाडं, मग बागा, मग रस्ता. २०२० च्या मे महिन्यात पहिली जनित्रं फिरली, तोवर खालचं गाव पाण्याखाली होतं.

हे पुलाचे खांब, पहाटेच्या त्या दृश्यातलेच. पाणी त्यांच्या निम्म्यावर आलं आहे. पुढच्या चित्रात टोकं दिसतील.

[दृश्य : खांबांची टोकं. मग सपाट पाणी. आवाज बंद.]