सहा पट्ट्यांची गोधडी

नमस्कार श्रोतेहो.

निवृत्तीनंतर मैत्रिणींची सहल ठरते तेव्हा पहिला प्रश्न असतो, जायचं कुठे. दुसरा प्रश्न, तिथे जाऊन करायचं काय. आज या दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. दोन रात्रींच्या मुक्कामात सहाजणींनी मिळून एक गोधडी शिवून पुरी करता येते, आणि तीही घाईगडबड न करता. मात्र त्यासाठी अर्धं काम पुण्यात, घरीच, उरकलेलं असायला हवं. सहलीला कापडांची गाठोडी घेऊन जायचं आणि तिथे ठरवायचं म्हटलं, की दोन दिवस रंग जुळवण्यात जातात. मग गोधडी अर्धवट परत येते आणि कुणाच्या तरी माळ्यावर पडून राहते.

कागद-पेन्सिल हाताशी असेल तर घ्या. आकडे सावकाश सांगते आणि महत्त्वाचे दोनदा सांगेन.

सुरुवात नऊवारीपासून करू. नऊ वार म्हणजे ३२४ इंच. ही साडी लांबीत एकदा दुमडली की १६२ इंच होते, पुन्हा दुमडली की ८१ इंच. म्हणजे एकाच सुती नऊवारीची, कातर न लावता, चारपदरी घडी मिळते. लांबी ८१ इंच, आणि रुंदी साडीच्या पन्ह्याएवढी. ही चौघडी एका माणसाच्या पांघरुणाला अगदी बेताची असते. पन्हा मात्र आधी मोजून घ्या. आपल्या हिशोबाला ४८ इंच लागतो, तो कमी भरला तर दुसऱ्या साडीची पट्टी जोडावी लागेल. सहावारी वापरायची असेल तर ती साधारण २१६ इंच असते. तिची तीनपदरी घडी ७२ इंचांची होते, म्हणजे सहा फूट. उंच माणसाचे पाय त्यातून बाहेर राहतात.

ही चौघडी म्हणजे आपलं अस्तर आणि आतलं भरण. वरचा थर चौकोनांचा. तयार चौकोन ८ इंचांचा, लांबीत दहा आणि रुंदीत सहा, म्हणजे एकूण साठ. ८० इंच लांब, ४८ इंच रुंद. आता यातली सोय पाहा. सहा मैत्रिणी असतील तर प्रत्येकीने दहा चौकोनांची एकच लांब पट्टी घरून शिवून आणायची. सहा घरांच्या सहा पट्ट्या शेजारी शेजारी जोडल्या की वरचा थर तयार.

इथेच पहिली चूक होते, म्हणून जरा थांबू. चौकोन कापायचा साडेआठ इंचांचा, कारण चारही बाजूंनी पाव इंच शिलाईत जातो. शिंप्याच्या भाषेत पाव इंच म्हणजे दोन सूत, आठ सुतांचा एक इंच. एखादीने दोन सुतांऐवजी तीन सूत शिलाई धरली, तर प्रत्येक जोडाला दोन्ही बाजूंनी एकेक, असं दोन सूत कापड जास्त आत जातं. दहा चौकोनांत जोड नऊ. नऊ दुणे अठरा सूत, म्हणजे सव्वादोन इंच. एवढ्याने तिची पट्टी बाकीच्यांपेक्षा आखूड येते. सहलीच्या ठिकाणी ती ओढून ताणून बसवली की गोधडीला त्या ओळीत कायमची चुणी पडते. उपाय सोपा आहे. जाड पुठ्ठ्याचा एकच साडेआठ इंची चौकोन करायचा आणि तोच सहा घरांत फिरवायचा. मोजपट्टीने प्रत्येकीने आपापलं मोजू नये. निघण्याच्या आठवडाभर आधी पट्ट्या एकावर एक ठेवून लांबी ताडून पाहावी. वेळ असतो तेव्हा उसवून पुन्हा शिवता येतं.

कापड निवडताना फक्त सुती. शंका आली तर कडेचा एक धागा काढून जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख राहते. पॉलिस्टर वितळून त्याची टणक गोळी होते. पॉलिस्टरचं कापड निसटतं, घाम टिपत नाही, आणि सुतीच्या शेजारी शिवलं की धुतल्यावर दोघांचं जमत नाही. जुन्या साड्या, सदरे, परकर यांचं सूत आटून बसलेलं असतं. नवं कापड मात्र आटतं, मीटरमागे तीन-चार सेंटिमीटरही. म्हणून लक्ष्मी रस्त्यावरून नवं मांजरपाट किंवा खण आणलात तर रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा आणि मगच कापा. लाल आणि गडद निळ्या कापडावर ओला पांढरा रुमाल दाबून पाहा. रुमालावर रंग उतरला तर ते कापड पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं, नाहीतर वगळायचं. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो असं सांगतात, त्यावर विसंबू नका.

जुनी साडी खिडकीच्या उजेडासमोर धरा. धागे सुटे सुटे दिसतील ती जागा विरलेली. नऊवारी काष्ट्यापाशी आणि बसण्याच्या भागात आधी विरते. तो भाग घडीच्या आतल्या पदरांत जाईल अशी घडी घाला. खळ धुऊन काढा, खळीला कसर लागते. जरीचे काठ आणि फॉल उसवून ठेवा, जर अंगाला टोचते आणि फॉल आटला तर कापड गोळा होतं.

कापड निवडण्याचं हे काम घरातल्या सगळ्यांचं आहे. सासूबाईंची साडी, यजमानांचा नोकरीतला सदरा, नातवाचा शाळेचा पहिला गणवेश, यातलं काहीही कापण्याआधी घरात विचारा. एकीला जी जुनी साडी वाटते ती दुसऱ्याला आईची आठवण असते, आणि कातर लागल्यावर पुन्हा जोडता येत नाही. लेकीला, सुनेला, जावेला एकेक चौकोन द्यायचा असेल तर तो आधी कापून, नाव लिहून वेगळा ठेवा. मग उरलेलं वापरा. याने पुढचे रुसवेफुगवे टळतात.

आणखी एक गोष्ट सुई हातात धरण्याआधी ठरवा. ही गोधडी कुणाच्या घरी जाणार? सहा पट्ट्या सहा घरांच्या, गोधडी एक. पुण्यात भिशी कुणाला शिकवायला नको. तशीच गोधडीची भिशी लावा. सहा चिठ्ठ्या टाका, वर्षाला दोन सहली धरा, तीन वर्षांत सहाही जणींच्या घरी एकेक गोधडी पोहोचते. प्रत्येक गोधडीत सहा घरांचं कापड असतं. माझ्या मते भिशीचा याहून सुरेख प्रकार नाही. पहिली चिठ्ठी जिची निघेल तिने त्या सहलीची नऊवारी आणायची.

आता जागा आणि हंगाम. आपल्याकडे गोधड्या पूर्वापार उन्हाळ्यात, पाऊस पडायच्या आत शिवल्या जातात, कारण कापड कोरडं राहतं. पावसाळ्यात लोणावळा, मुळशीला ही सहल नेऊ नका, कापड सर्द होतं आणि कुबट वास धरतं. हिवाळ्यात वाई चांगली. स्वारगेटहून एसटी मिळते, खंबाटकी घाट ओलांडला की सुरूर फाट्यावरून आत वळायचं. पाचगणीचा पसरणी घाट लागत नाही, त्यामुळे ज्यांना गाडी लागते त्यांचीही सोय होते. एसटीत ७५ वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत, ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, आणि मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना अर्धं तिकीट आहे. आधार कार्ड पर्समध्ये असू द्या.

खोली घेताना पलंग किती, हे नंतर विचारा. आधी विचारा की बारा फूट बाय आठ फूट मोकळी, स्वच्छ, उजेडाची जमीन आहे का. ओसरी किंवा पडवी असेल तर उत्तम. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना दिव्याच्या उजेडात गडद कापडावरचा टाका दिसत नाही, म्हणून शिवण दिवसाउजेडीच ठेवा. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्यांसाठी दोन टेबलं जोडून घ्या, खाली बसायचा आग्रह नको.

पहिल्या दिवशी दुपारी पट्ट्या जोडायच्या. मग जमिनीवर चौघडी अंथरायची, चार कोपऱ्यांना चौघी. हे काम एकटीने नीट होत नाही. एक बाजू सरळ केली की दुसरी सरकते. हाताने मधून कडेकडे झोळ काढत न्यायचा आणि वर चौकोनांचा थर पसरायचा. मग मोठ्या सुईने कच्चा दोरा, वीतभर अंतरावर, मधून सुरू करून कडेकडे. याला दीड-दोन तास लागतात आणि इथेच कंटाळा करण्याचा मोह होतो. कच्चा दोरा टाळला की वरून सगळं छान दिसतं, पण खालचा पदर सरकत राहतो. त्याच्या चुण्या पडल्याचं वीस ओळी झाल्यावर, गोधडी उलटल्यावर कळतं. मग उसवण्याशिवाय उपाय नाही.

दुसरा दिवस धावदोऱ्याचा. ओळी लांबीच्या दिशेने, एक इंच अंतराने. पहिली ओळ जोडापासून अर्धा इंच सोडून धरली, तर आठ इंचांच्या पट्टीत नेमक्या आठ ओळी बसतात आणि एकही ओळ जोडाच्या जाड शिलाईवर येत नाही. सहा पट्ट्या, आठ ओळी, एकूण ४८. पुन्हा सांगते, ४८ ओळी, प्रत्येक ८० इंच. दोरा सरळ मोजला तर शंभर मीटरच्या आत येतो. जाडीतून वरखाली जाणं आणि गाठी धरून १३० मीटर सुती दोरा बरोबर ठेवा. बोहरी आळीत किंवा तुळशीबागेत तो मिळतो. पॉलिस्टरचा दोरा घेऊ नका. तो तुटत नाही हे खरं, पण ताण आला की जुनं कापडच कापत जातो.

एका वेळी चौघी बसतात, दोघी एका बाजूला, दोघी समोर. मधल्या ओळीपासून सुरुवात करून प्रत्येक बाजू आपल्या कडेकडे सरकते, आणि एकेका ओळीचा अर्धा भाग एकीचा. सवयीच्या हाताला पूर्ण ओळीला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. चौघींच्या हाताने ४८ ओळी पाच तासांत होतात. नवख्या हातांना दुप्पट वेळ धरा. उरलेल्या दोघी चहा, सुया ओवणं आणि पाळी बदलणं बघतात. टाका दोन सुतांचा, एका वेळी सुईवर तीन-चार टाके. दोरा दोन हातांहून लांब घेऊ नका, गुंता होतो आणि शेवटाकडे तो विरतो. मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला की पीळ बसतो. गाठ वर ठेवायची नाही, हलका झटका देऊन ती वरच्या थराच्या आत घालवायची.

प्रत्येकीच्या हाताचा ताण वेगळा असतो. एकीचा टाका आवळ, दुसरीचा सैल. दोघी दिवसभर एकाच जागी बसल्या तर गोधडीचं एक टोक आकसतं. म्हणून दर सहा ओळींनी जागा बदला, म्हणजे फरक एका ठिकाणी साचत नाही. जागा बदलताना उठून चारेक पावलं चाला, बोटं उघडमीट करा.

सुई ओवण्याचा त्रास टाळायची एक युक्ती आहे, आणि ती नातवंडांकडून करून घ्यावी. निघायच्या आदल्या रात्री रिळाच्या दोऱ्याचं टोक वीस सुयांच्या नेढ्यांतून एकापाठोपाठ ओवून घ्यायचं. वीसही सुया माळेसारख्या रिळाजवळ राहतात. लागेल तशी पुढची एक सुई घ्यायची, हवा तेवढा दोरा ओढायचा, बाकीच्या मागे सारायच्या आणि कापायचं. तिकडे चष्मा शोधत बसावं लागत नाही.

सुया मोजून द्या आणि संध्याकाळी मोजून घ्या. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, टोचलेली सुई कळत नाही आणि जखम चिघळते. एक लोहचुंबक बरोबर ठेवा, झोपायच्या आधी तो जमिनीवरून फिरवा.

तिसऱ्या दिवशी सकाळी कडेचा गोट. परीघ २५६ इंच, कोपऱ्यांच्या घडीसह २७० इंच पट्टी लागते. दुसऱ्या एखाद्या नऊवारीचा एका बाजूचा सुती काठ ३२४ इंच असतो, तो एकसंध पुरतो. मग दुपारी मेणवलीचा वाडा आणि घाट बघून परतीची एसटी धरता येते.

घरच्यांसाठी थोडं. तारखा महिनाभर आधी सांगा. नातवंडांना शाळेतून आणण्याचं काम तुमच्याकडे असेल तर त्या दिवसांची सोय तुम्ही निघायच्या आधी ठरलेली असावी. फोनवरून ती करत बसू नका. यजमानांच्या गोळ्या सकाळ-रात्र अशा डब्यांत भरून ठेवा. पण तीन दिवसांचा स्वयंपाक करून फ्रीज भरू नका. कुकर लावणं, आमटीला फोडणी देणं त्यांना आठवडाभर आधी शिकवा. पुढच्या पाच सहलींना ते लागणारच आहे.

चारसहा ओळी राहिल्या तर ज्यांची चिठ्ठी निघाली त्यांनी त्या घरी पुऱ्या कराव्यात. तोवर सुई ओळीत टोचून ठेवू नका, गंज चढतो आणि त्याचा डाग जात नाही. पहिल्या धुण्यानंतर गोधडी एका दोरीवर टाकू नका, ओलं वजन टाक्यांवर येतं. दोन दोऱ्यांवर पसरून, चौकोनांची बाजू खाली करून वाळवा, म्हणजे उन्हाने रंग विटत नाहीत.

नमस्कार.